मजुरीचे ऋण

ऋण हा शब्द आपल्या संस्कारांत खोल रुजलेला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही नावे देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकणाऱ्यास निराळी समजावून द्यावी लागत नाहीत. परंतु ज्याच्या घामावर आपला प्रपंच उभा राहतो, त्याची मजुरी मात्र आपण ऋण न मानता उपकार मानत आलो आहोत. कौटिल्याची दृष्टी याहून स्वच्छ होती. वेतन न देणाऱ्या धन्यास त्याने दंड सांगितला आहे. आणि संघ करून काम करणाऱ्यांनी मिळालेले वेतन ठरल्याप्रमाणे किंवा समभागाने वाटून घ्यावे, असेही अर्थशास्त्रात म्हटले आहे.

अर्वाचीन काळात हे देणे मागावयाचे तर एकट्याचा आवाज पुरत नाही, हे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ओळखले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. खंडोबाचा वार मोकळा मिळावा एवढीच ती मागणी. पण एकट्यादुकट्या कामगारास ती कोणी दिली नसती.

आमचे इंदूर शहरही गिरण्यांवरच वाढले. येथील हुकुमचंद मिल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि कामगारांचे देणे थकले. त्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी! तीन दशकांच्या या अवधीत कित्येक कामगार निवर्तले; त्यांचा पैसा वारसांच्या वाट्यास आला. हा न्यायाचा विजय म्हणावा की विलंबाचा, हे वाचकांनीच ठरवावे. वकिलीच्या व्यवसायात आम्ही एक गोष्ट मात्र पुरती जाणून आहोत. दावा वकिलाच्या विद्वत्तेवर जितका टिकतो, त्याहून अधिक पक्षकाराच्या चिकाटीवर टिकतो. एकटा कामगार तीस वर्षे धीर धरू शकत नाही. संघटना धरू शकते. तिची खरी शक्ती संपात नसून या धीरात आहे.

आता आमच्याकडे पीथमपूरच्या कारखान्यांतून येणारा कामगार निराळा आहे. "तुमचा मालक कोण?" या पहिल्याच प्रश्नापाशी तो अडखळतो. एकाने आम्हांस सांगितले, "वकीलसाहेब, सात वर्षांत यंत्र तेच, फाटक तेच, ठेकेदार मात्र चार झाले." ठेकेदार बदलला की नोकरी नवी, म्हणून ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षे त्याच्या कागदावर कधी भरलीच नाहीत. ठेका पद्धतीस बंदी झाली, तरी एवढ्यानेच ठेक्यावरील कामगार मूळ कंपनीचा नोकर ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील नोंदणीकृत कारखान्यांत ठेक्याचे कामगार सुमारे २० टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ४० टक्के झाले.

ज्याचा मालकच कागदावर सापडत नाही, त्याने वाटाघाट कोणाशी करावी? याचा परिणाम मजुरीवर झाल्यावाचून राहिला नाही. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत कारखान्यांतील निव्वळ मूल्यवृद्धीपैकी सुमारे ३० टक्के भाग कामगारांच्या मजुरीस जात असे. २००७-०८ च्या सुमारास तो १० टक्क्यांवर आला. पुढे तो काहीसा सावरला, पण पूर्वपदास पोहोचला नाही. यंत्रे वाढली, हे एक कारण खरेच. संघटनांतील भाऊबंदकी आणि पुढाऱ्यांचा अहंकार यांनीही कामगारांचे नुकसान केले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वैद्य चुकला म्हणून कोणी औषधच टाकून देत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरांऐवजी तीनशे कामगारांपासून ठेवली आहे. अशा वेळी लहान कारखान्यातील कामगारास संघटनेवाचून दुसरा आधार कोणता?

या प्रश्नाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आज अनेक देवस्थानांतही झाडलोट आणि पहारा ठेक्याने दिला जातो. ठेकेदारास रक्कम दिली की आपले कर्तव्य संपले, असे विश्वस्तांस वाटते. वस्तुतः ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्याने घालून दिले आणि नव्या संहितेनेही ते राखले आहे. एखाद्या ठिकाणी माणसे थोडी म्हणून कायदा लागू होत नसेल. धर्म तर लागू होतो ना?

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. पुढील वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा उत्सवाच्या खर्चाबरोबर झाडूवाल्याच्या हाती प्रत्यक्ष किती पडले, हेही विचारावे. आणि त्याने चार सोबती घेऊन गाऱ्हाणे मांडले, तर त्यास बंड समजू नये. ते धनकोने केलेले मागणे आहे.