कळक : एका पितळी कड्यावरचे घडवलेले जुनेपण

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असून तो उघड्यावर राहिला म्हणजे त्यातील तांब्याचा हवेतील ऑक्सिजन, ओलावा व गंधकयुक्त वायू यांच्याशी संयोग होऊन पृष्ठभागावर तपकिरी, काळपट किंवा हिरवट थर चढतो. ताम्रक्षारांच्या हिरव्या थरास जंगाल म्हणतात, आणि तेच क्षार आंबट पदार्थात उतरले म्हणजे ताक किंवा आमटी ‘कळकली’ असे घरोघरी म्हटले जाई. भांड्यास आतून कल्हई करणे व बाहेरून चिंच-मिठाने घासणे ही सारी खटपट या थराविरुद्धच होती. त्यामुळे तोच थर दागिन्यावर हौसेने चढवू पाहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला नक्षीदार पितळी कड्यावरील प्रयोगांत प्रथम अपयश आले, यात नवल नाही.

पहिल्या वेळी कड्यावर काहीच उमटले नाही, कारण बाजारातील पितळी दागिन्यांची चकाकी टिकावी म्हणून त्यांवर बहुधा लाखेसारख्या पारदर्शक रोगणाचा हात दिलेला असतो. नखांचे रंग काढण्याच्या ॲसिटोनने तो पुसावा लागला. दुसऱ्या वेळी व्हिनेगर, म्हणजे साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेले पाणी, आणि मीठ यांच्या मिश्रणात कडे रात्रभर बुडवले असता ते हिरवे होण्याऐवजी तांबूस निघाले, कारण आम्लात जस्त तांब्याच्या आधी विरघळते आणि पृष्ठभागावर तांब्याचे प्रमाण वाढते. चिंच-मिठाने पितळ उजळते ते आम्ल मळ विरघळवते आणि तो लगेच धुतला जातो म्हणून. तेच आंबट-खारट द्रव्य धातूवर दमट राहून त्याला हवा मिळत गेली, तर मात्र जंगाल धरते. म्हणून तिसऱ्या वेळी व्हिनेगर-मिठाने केवळ ओलसर केलेल्या लाकडी भुशात कडे पुरून डबा झाकून ठेवला, आणि दोन दिवसांनी नक्षीच्या खाचांत निळसर हिरवे ठिपके दिसू लागले.

तपकिरी छटेसाठी उकडलेले अंडे कुस्करून कड्यासह बंद डब्यात ठेवणे पुरते. अंड्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे तांब्याचे सल्फाइड तयार होते, मात्र शुद्ध तांब्यापेक्षा पितळ सावकाश काळवंडते. (बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या दागिन्यांचा काळेपणाही बहुधा सल्फाइडचाच असतो, नाव चुकीचे, पण रूढ.)

कल्हईवाल्याचा नवसागर चुन्यात मिसळला असता अमोनिया सुटतो व त्याच्या वाफेने गडद निळी छटा येते, तथापि वाकवून घडवलेल्या कड्यावर हा उपाय लेखिकेने टाळला. भारतातील ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात. त्यामागे धातूत घडणीच्या वेळी राहिलेला ताण आणि तबेल्यांतून येणारा अमोनिया यांची जोडी होती, असे १९२१च्या सुमारास स्पष्ट झाले.

रसायनाहूनही अवघड काम घासण्याचे निघाले. वापरातल्या दागिन्याचे उंचवटे कपड्यांना व त्वचेला घासून उजळ राहतात आणि मळ खाचांत साचतो, त्यामुळे सर्वत्र सारखा चढलेला थर पाहताक्षणी खोटा वाटतो. बारीक स्टील वूलने फुलांच्या पाकळ्या उजळवताना लेखिकेचा हात दोनदा अधिक चालला आणि कडे पुन्हा भुशात गेले. अखेरीस वरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला, आणि मनगटाला टेकणारी आतली बाजू, ताम्रक्षार घामात विरघळून त्वचेवर हिरवे डाग पाडतात म्हणून, चिंचेनेच घासून लख्ख ठेवली.