‘खल्लस्त’

दुबईत नोकरीला लागून दुसराच आठवडा होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, कैरोचा, माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, ‘खल्लस्त’. आपला ‘खल्लास’ अरबीतूनच आलेला, त्यामुळे शब्द चटकन कळला. त्याचं काम संपलं असेल, असं समजून मी मान डोलावली. तो मात्र विचारत होता, ‘तुझं झालं का?’ माझ्या मानेवर विसंबून त्याने कागद तयार असल्याचं वर कळवलं. माझी यादी अजून अर्धीच होती.

मी पुस्तकी अरबी, म्हणजे फुसहा, शिकून आलो होतो. तिथे ‘कतब्तु’ म्हणजे मी लिहिलं, ‘कतब्ता’ म्हणजे तू लिहिलंस. प्रश्न असेल तर आधी ‘हल’ लागतं, आपल्या ‘का’सारखं. बोलीत शेवटचे स्वर गळाले, दोघांसाठी नुसतं ‘कतब्त’ राहिलं. ‘हल’ही गेलं. मी की तू, सांगतोय की विचारतोय, हे सगळं संदर्भावर आणि आवाजाच्या चढावर आलं. आणि कैरोच्या बोलीत तर जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर सूर चढतो! त्यातला प्रश्नाचा चढ ओळखायला मला तीन महिने लागले.

मदत झाली ती मराठीची. फुसहात ‘काय’ आधी येतं. कैरोत ‘इस्मक एह?’ म्हणतात, शब्दाला शब्द ‘नाव तुझं काय?’, म्हणजे ‘काय’ मराठीसारखंच शेवटी. या रचनेची मुळं काही अभ्यासक इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेत शोधतात, काहींना ते मान्य नाही. मोरोक्कोच्या माणसापुढे मात्र मी हरलो. तिथल्या जुन्या अमाझिग (बर्बर) भाषांच्या शेजारात वाढलेल्या त्या बोलीत ऱ्हस्व स्वर इतके गळतात की व्यंजनंच कानावर आदळतात. पण प्रश्नाआधी तो ‘वाश’ लावायचा, तेवढा आधार होता.

स्थानिक अमिराती ड्रायव्हरने एकदा रस्ता सांगितला, ‘सीदा, सीदा’. हा आपला ‘सीधा’! पंख्याला आखातात ‘बांका’ म्हणतात, कारण अरबीत ‘प’ नाही. दुबईत 1966 पर्यंत रुपया चालत होता, भारताशी असलेल्या व्यापारातून हे शब्द आले.

आखातात येणार असाल तर व्याकरण जरूर शिका. पण त्याआधी महिनाभर नुसतं ऐका, आणि ‘खल्लस्त’ कानावर पडलं की मान डोलावण्याआधी विचारा, ‘मी की तू?’