शाळा? आमच्या हॉलमध्ये!

लिफ्टमध्ये नव्यानं राहायला आलेल्या काकूंनी आमच्या चिरंजीवांना विचारलं, ‘‘कितवीत रे तू?’’

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मी लिफ्टच्या आकड्यांकडे.

‘‘मी घरीच शिकतो,’’ तो म्हणाला.

‘‘अगंबाई! बरं नाही का त्याला?’’

तर मंडळी, तो ठणठणीत आहे. वय वर्षं सात. गेली साडेतीन वर्षं त्याची शाळा म्हणजे नवीन पनवेलमधला आमचा वन बीएचके. हॉल हा वर्ग, बाल्कनी ही प्रयोगशाळा आणि किचनचा ओटा हे गणिताचं दालन. शिक्षक दोन. सकाळच्या पाळीत मी, कारण माझं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालतं. दुपारनंतर बायको, कारण तिची ड्यूटी पहाटेची असते.

सुरुवात काही थोर विचारांनी झाली नव्हती. साडेतीन वर्षांचा असताना नर्सरीतून रोज चार ओळींच्या वहीचा गृहपाठ यायचा. पेन्सिल हातात धरली की हा रडायला लागायचा. एका रविवारी रात्री त्याला पेन्सिल बघूनच उलटी झाली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. सोमवारी तो गेला नाही. मंगळवारीही नाही. आणि मग गेलाच नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. माझी आई! महाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं बाई होती ती. पावसात, चिखलात चालत जाऊन पोरांना घरून उचलून शाळेत आणलेली बाई. फोनवर बातमी सांगितली, तर पलीकडे शांतता. मग एवढंच म्हणाली, ‘‘अरे, लोकांच्या पोरांना शाळेत आणायला मी उंबरे झिजवले. आणि माझाच नातू घरी?’’ फोन ठेवून दिला. पुढचे दोन महिने ती माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलायची.

मी हट्टाला पेटलो. वाचायला घेतलं. तेव्हा कळलं, की आपण काही जगावेगळं करत नाही. गिजुभाई बधेका मुळात वकील. स्वतःचं मूल झाल्यावर त्याला कसं शिकवायचं या विचारात पडले आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढून बसले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी साधनं परवडणार नव्हती, तर बिया, शिंपले, पानं, दगड यांनाच साधनं केलं. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. हे सगळं मी आईला उत्साहानं सांगायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मला ताराबाई शिकवतोस? त्यांनी शाळा काढली रे. बंद नाही केली.’’ आता बोला!

आमचा पहिला हिट प्रोजेक्ट म्हणजे काड्यापेटी. अरविंद गुप्तांची ती प्रसिद्ध आयडिया, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तो हलेना. चार काड्यांचा चौकोन केला, तो लगेच कलंडला. त्यात एक तिरकी काडी टाकली, की चौकोनही ताठ. बस्स, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी कळंबोलीकडे जाताना हा हायटेन्शनच्या टॉवरकडे बघून रिक्षात ओरडला, ‘‘बाबा, सगळे त्रिकोणच आहेत!’’ रिक्षावाल्यानंही मान वाकवून बघितलं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गोवा हायवेला लागतो. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, पुढे कर्नाळ्याचं जंगल आणि तो अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या पुढे ताऱ्याचं युसुफ मेहेरअली सेंटर. तिथं मडकी, साबण, घाणीचं तेल हे डोळ्यांसमोर होताना बघता येतं. येताना कपडे मातीचे आणि प्रश्न शंभर.

गेल्या पावसाळ्यात आई पहिल्यांदा राहायला आली. पाहुणी म्हणून नव्हे, तपासणीला! चिरंजीवांनी बाटली कापून पर्जन्यमापक केला होता. वेधशाळेसारखं रोज सकाळी साडेआठला तो गच्चीवर पट्टी घेऊन हजर. आईनं दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिच्यातल्या बाई जाग्या झाल्या. ‘‘नुसते मिलिमीटर काय लिहितोस? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आता गच्ची मोज.’’

आजी-नातवानं टेप धरून गच्ची मोजली. तीनशे चौरस मीटर. त्या दिवशीचा पाऊस चाळीस मिलिमीटर. गुणाकार येत नव्हता, म्हणून तीनशेचे गठ्ठे करून मांडले. चार पानं आणि दोन दिवस लागले. उत्तर आलं बारा हजार लिटर. चिरंजीव थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात. ‘‘काका, टँकर दहा हजारांचा असतो ना? मग उन्हाळ्यात आपण पाणी विकत का घेतो?’’ काकांनी त्याला बिस्किट दिलं. उत्तर अजून द्यायचंय.

परत जाताना आई म्हणाली, ‘‘पोरगं हुशार आहे.’’ माझी कॉलर ताठ. ‘‘पण त्याला हरता येत नाही. पत्त्यात हरला की डाव उधळतो. रांगेत थांबायचं माहीत नाही, कारण रांगेत तो एकटाच असतो.’’ कॉलर खाली.

दिवाळीनंतर तिनं ट्रंकेतलं धन पाठवलं. ‘किशोर’चे जुने अंक, ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’ आणि ‘तोत्तोचान’. (‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, जरूर बघा.) रोज रात्री वाचन. पिवळी पानं, छोटी चित्रं, आणि आमचं पोरगं कार्टून विसरून ऐकतंय! मला वाटलं, जिंकलो.

एका रात्री ‘तोत्तोचान’मधली आगगाडीच्या डब्यात भरणारी ती शाळा वाचून झाली. स्टेशनवरून पनवेल लोकलचा भोंगा ऐकू आला. तो पांघरुणातून म्हणाला, ‘‘बाबा, बन्या पुण्याला शाळेत जातो. गोट्या जातो. तोत्तोचान पण जाते. या सगळ्यांना मित्र तिथंच भेटतात.’’ मग थोडं थांबून, ‘‘मला पण डबा घेऊन कुठेतरी जायचंय.’’

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. बायको म्हणाली, ‘‘आपण त्याच्यासाठी करतोय की आपल्या हट्टासाठी?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर चित्र धूसर आहे. 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं तो म्हणतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा काय, ते लिहिलेलं नाही. मोठी मुलं मुक्त विद्यालयातून दहावी देतात. आणि शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याची सोयही याच कायद्यात आहे. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे, हे आम्हाला उशिरा समजलं.

सेक्टरमधल्या एका मराठी शाळेचा दुसरीचा फॉर्म आणलाय. वर्गात बसून त्यानं एक दिवस बघितलं, बाईंना पावसाचं गणित विचारलं आणि मधल्या सुट्टीत एकाकडून मार खाऊन आला. गुडघा फुटलेला, चेहरा खूश! त्या मुलाचं नाव त्यानं रात्रीपर्यंत चार वेळा सांगितलं.

साडेतीन वर्षं फुकट गेली का? मला नाही वाटत. पेन्सिलची भीती गेली. संध्याकाळची काड्यापेटी आणि रात्रीचं पुस्तक आमचंच राहणार. शाळेनं पुन्हा चार ओळींच्या वहीनं घाबरवलं, तर घरचा वर्ग आहेच.

आईला फोन केला. वाटलं, ‘मी सांगत होते’ म्हणेल. ती एकदम विचारती झाली, ‘‘डब्याला काय देणार आहेस?’’

हा अभ्यास मात्र आमचा बाकी आहे.