आधीपासून तिथे कोण आहे?

औषधशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात दोन गट पाडलेले असतात. रिसेप्टरला चालू करणारं ते ॲगोनिस्ट, त्याची वाट अडवणारं ते अँटॅगोनिस्ट. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या वाट्याला पहिलाच रेणू आला तो या दोन्ही गटांत न बसणारा. नाव डी-सायक्लोसेरीन. पुस्तकी भाषेत ‘पार्शल ॲगोनिस्ट’, म्हणजे रिसेप्टर चालू करणारा, पण पुरता नव्हे. फ्रीझरमधल्या छोट्या बाटलीत पांढरी पूड. रेणुभार 102, पाच अणूंचं एक कडं आणि त्याला चिकटलेला एक अमिनो गट. कागदावर काढायला क्षणभर पुरे. द्रावण मात्र रोज ताजं करायचं, कारण पाण्यात हा रेणू फार टिकत नाही. एवढ्याशा गोष्टीने माझी झोप उडवली.

आधी तो जिथे काम करतो त्या जागेबद्दल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवायला मुख्यतः ग्लुटामेट वापरतात. ग्लुटामेट ओळखणाऱ्या रिसेप्टरांतला एक म्हणजे एनएमडीए रिसेप्टर. शिकणं, आठवण पक्की होणं, भीती मनात बसणं आणि ती ओसरणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. चार प्रथिनं जुळून तो बनतो आणि मधोमध आयनांना जायची वाट असते. त्याला एकट्या ग्लुटामेटने जाग येत नाही. शेजारच्या प्रथिनावर त्याच वेळी ग्लायसिन किंवा डी-सेरीन बसलेलं असावं लागतं. ग्लायसिनचं हे महत्त्व 1987 साली जॉन्सन आणि ॲशर यांनी दाखवलं. डी-सायक्लोसेरीन बसतं ते या ग्लायसिनच्या जागेवर.

आम्ही प्रयोग करायचो तो झेनोपस जातीच्या आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशींवर. एक पेशी जेमतेम मिलिमीटरभर, अर्धी गडद तपकिरी, अर्धी सायीच्या रंगाची. तिच्यात मानवी किंवा उंदराच्या रिसेप्टरचा आरएनए टोचला की काही दिवसांत ती ते रिसेप्टर आपल्या पृष्ठभागावर मांडते. मग दोन काचेच्या सुया सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात हलकेच घुसवायच्या, व्होल्टेज उणे 60 मिलिव्होल्टवर धरून ठेवायचं आणि वरून एकेक द्रावण वाहू द्यायचं. द्रावणात मॅग्नेशियम नको, नाहीतर या व्होल्टेजला ते आयनांच्या वाटेतच अडकून बसतं. हातमोज्यांशिवाय कशाला हात लावायचा नाही, कारण बोटांवरचं ग्लायसिनसुद्धा या रिसेप्टरला कळतं. वाट उघडली की पडद्यावरची प्रवाहाची रेषा खाली उतरते. जितकी खोल उतरेल तितके जास्त रिसेप्टर उघडे.

ग्लुटामेटसोबत भरपूर ग्लायसिन सोडलं. रेषा झपकन खाली गेली आणि तिथे टेकून राहिली. धुऊन काढलं, रेषा वर आली. मग ग्लुटामेटसोबत डी-सायक्लोसेरीन. रेषा पुन्हा उतरली, पण आधीच्या खोलीच्या साधारण दोन-तृतीयांशावर थांबली. मात्रा वाढवली तरी त्याखाली जाईना. इथवर पुस्तकाप्रमाणे होतं. त्यानंतर ताईने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या माझ्या सीनियरने, दोन्ही एकत्र द्यायला सांगितलं: ग्लायसिन चालू ठेव आणि त्यातच डी-सायक्लोसेरीनची मोठी मात्रा सोड. चालू करणारी दोन द्रव्यं एकत्र, म्हणजे रेषा निदान तिथेच राहील, अशी माझी अपेक्षा. ती वर सरकू लागली. प्रवाह कमी होत होता. चालू करणाऱ्या औषधात आणखी एक चालू करणारं औषध घातलं, आणि रिसेप्टर काही अंशी बंद झाला.

मी नळ्यांकडे बघू लागले. ताई म्हणाली, “नळ्या ठीक आहेत. जागा किती आहेत ते मोज.”

जागा मोजक्याच असतात, आणि सगळ्यांवर आधीच ग्लायसिन बसलेलं होतं. डी-सायक्लोसेरीन मोठ्या संख्येने आलं की त्यातल्या पुष्कळ जागांवरून ग्लायसिन हटतं आणि हे बसतं. ग्लायसिन बसलेला रिसेप्टर जितका वेळ उघडा राहतो, त्याहून हे बसलेला कमी वेळ राहतो. एकूण प्रवाह घटणारच. तेच द्रव्य रिकाम्या जागेवर बसलं तर प्रवाह वाढवतं आणि भरलेल्या जागेवर आलं तर कमी करतं. त्याचा स्वभाव बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की त्याच्या आधी तिथे कोण होतं.

मग प्रश्न पडला, हा पुरता का उघडत नाही? याचं एक देखणं उत्तर मला वाचायला मिळालं. रिसेप्टरचा जो भाग रेणूला धरतो तो तिसऱ्यांच्या शिंपल्यासारखा दोन झडपांचा असतो. रेणू आत आला की झडपा मिटतात आणि त्या ओढीने आयनांची वाट उघडते. ग्लुटामेटच्याच एएमपीए नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवर एरिक गूओ यांच्या गटाने याची तपासणी केली. विलार्डीन नावाचं अमिनो आम्ल एका मेक्सिकन बाभूळवर्गीय झाडात सापडतं. त्याच्या कड्यावर फ्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असे चढत्या आकाराचे अणू लावून त्यांनी प्रत्येकाचे स्फटिक तपासले. 2003 मध्ये आलेला निष्कर्ष असा: अणू जितका मोठा तितका शिंपला कमी मिटतो, आणि तितकाच प्रवाह कमी. वाचून मी खूश झाले. अर्धवट मिटणं म्हणजे अर्धवट उघडणं, प्रश्न सुटला.

त्याच वर्षी त्याच गटाने डी-सायक्लोसेरीन धरलेल्या ग्लायसिनच्या जागेचाही स्फटिक प्रसिद्ध केला होता. तो मी नंतर पाहिला. तिथे शिंपला ग्लायसिनइतकाच मिटलेला आहे. झडपांमध्ये अर्धवट असं काही नाही, तरी काम अर्धवट. म्हणजे एएमपीए रिसेप्टरचं सुबक उत्तर इथे लागू पडत नाही. शिंपला मिटणं ही फक्त पहिली पायरी. मिटलेल्या झडपांनी खालची वाट ओढून उघडणं आणि ती उघडी ठेवणं पुढे असतं, आणि डी-सायक्लोसेरीन कमी पडतं ते तिथे. दोन्ही रिसेप्टर ग्लुटामेटचे, एकाच घराण्यातले, पण ‘पार्शल’ असण्याचं कारण दोघांकडे वेगळं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रिसेप्टरमधलं ग्लायसिनच्या जागेशेजारचं प्रथिन बदलता येतं. आमच्या पेशींत होतं ते ‘टू-बी’ प्रकारचं. त्याऐवजी लहान मेंदूत भरपूर असणारं ‘टू-सी’ घातलेल्या पेशी आल्या, तेव्हा डी-सायक्लोसेरीनने रेषा ग्लायसिनपेक्षाही खोल नेली, जवळजवळ दुप्पट. ज्याला मी इतके दिवस ‘कमी पडणारा’ म्हणत होते तो इथे सगळ्यांत जोरकस होता. हे 2001 पासून माहीत आहे, ताईने आधी सांगितलंही होतं. स्वतःच्या पडद्यावर पाहिल्याशिवाय ते माझ्या अंगी लागलं नाही.

हा रेणू मेंदूसाठी कुणी बनवलेला नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यावर तो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंत सापडला, क्षयरोगावरचं औषध म्हणून. क्षयाचा जंतू आपली भिंत रचायला डी-ॲलनीन वापरतो. डी-सायक्लोसेरीन दिसायला त्याच्यासारखं, म्हणून ते जंतूच्या यंत्रणेत घुसून भिंतीचं काम अडवतं. आणि डी-ॲलनीनशी साम्य म्हणजे आपल्या मेंदूतल्या डी-सेरीनशीही साम्य. जंतूला फसवणारा रेणू एनएमडीए रिसेप्टरलाही ओळखीचा वाटतो. 1959 मध्ये अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज क्रेन यांनी नोंदवलं, की हे औषध घेणाऱ्या काही क्षयरुग्णांची उदासी कमी झाली. इतर काही रुग्णांत मात्र ह्याच औषधाने उदासी, भ्रम आणि फिट आल्याच्या नोंदी होत्या. ते ग्लायसिनच्या जागेवर बसतं आणि पुरतं चालू करत नाही, हे 1989 मध्ये कळलं. म्हणजे माणसांवरचा परिणाम आधी आला, कारण तीस वर्षांनी.

पुढे 2004 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उंचीची भीती असलेल्या 28 जणांना उपचार म्हणून आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं, त्याआधी काहींना हे औषध दिलं. त्यांची भीती इतरांपेक्षा जास्त ओसरली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा फायदा छोटाच निघाला. त्याचं एक कारण मला माझ्या पडद्याची आठवण करून देणारं वाटलं: उपचाराचं सत्र संपताना भीती उतरलेली असेल तर औषध ते उतरणं पक्कं करतं; भीती चढलेलीच असेल तर फायदा होत नाही, उलट नुकसानही होऊ शकतं. इथेही तेच, आधीपासून काय आहे त्यावर सगळं.

घरी फोनवर मी हे नाव घेतलं तेव्हा आई म्हणाली, “हे तर तुझ्या दादाच्या कॅप्सूलचं नाव.” दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मुंबईत नोकरीला असताना त्याला औषधांना दाद न देणारा क्षय झाला. अशा रुग्णांच्या दीड वर्षाहून लांब चालणाऱ्या उपचारात सायक्लोसेरीन हे बेडाक्विलिन, लिनेझोलिड वगैरे औषधांच्या सोबत असतं. 250 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणि त्यांच्याबरोबर ‘ब6’ जीवनसत्त्वाची गोळी. त्या काळात दादा रात्र-रात्र जागायचा, आत्यावर ओरडायचा, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. नोकरी गेल्याचं दुःख आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. औषधानेही असं होऊ शकतं हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका परिचारिकेच्या लक्षात आलं, डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि दादा सावरला. क्षयही बरा झाला. त्या कॅप्सूलनेच त्याला वाचवायला मदत केली, हेही खरंच आहे.

आता सहा महिन्यांचा नवा उपचार आला आहे, त्यात सायक्लोसेरीन नाही. तरी जुन्या उपचारावर अजून पुष्कळ माणसं आहेत. त्यांनी घाबरून औषध सोडू नये, ते जिवावर बेतेल. पण पहिली कॅप्सूल हातात देण्याआधी त्यांना विचारलं जायला हवं: याआधी कधी फार उदास होता का, फिट आली होती का, घरात कुणाचं लक्ष असेल का? आणि घरच्यांना सांगायला हवं, की झोप उडाली, वागणं बदललं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. औषधाच्या माहितीपत्रकात या धोक्यांची नोंद छापलेली असते. ती माणसाच्या कानावर पडायला हवी. हे औषध काय करतं, असा प्रश्न मी आता विचारत नाही. कुणात, आणि तिथे आधीपासून काय असताना, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तरच देता येत नाही. पडद्यावरच्या रेषेबद्दलही नाही, आणि आत्याच्या घराबद्दल तर नाहीच.