परत येणारा चेंडू

आपल्या आत्मपर लेखनात खेळ येतो तो बहुधा बालपणाचा हात धरून. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या आणि त्यांच्यामागे हरवलेले गाव. प्रौढ माणसाने एखादा खेळ नव्याने शिकायला घेणे आणि त्यात रोज हरणे हा विषय मात्र विनोदी लेखाकडे सोपवला जातो. पलंगाखाली गेलेला चेंडू काढावा तसा टेबलाखाली वाकलेला पोटसुटा गृहस्थ पाहून हसू येते, हे खरे. पण शिकवणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने शिकणाऱ्याच्या जागी उभे राहणे ही मला तरी नुसती हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटत नाही.

नायगाव हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. येथे मी मराठी शिकवतो. मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत जिमखान्यात रेंगाळतात. तिथे कॅरमच्या शेजारी टेबल टेनिसचे टेबल आहे. चेंडूचे वजन २.७ ग्रॅम. पंख्याचा वारा त्याला सहज भलतीकडे नेतो, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून खेळणाऱ्यांची निष्ठा वेगळी तपासायला नको.

मला शिकवले ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने. वर्गात ‘हजर, सर’ याखेरीज त्याच्या तोंडून मी शब्द ऐकला नव्हता. पहिला आठवडाभर त्याने मला टेबलाजवळ येऊ दिले नाही. चेंडू बॅटवर उडवत ठेवायचा, मग एकदा सुलट, एकदा उलट बाजूने, मग भिंतीवर. हस्तांदोलन करावे तशी बॅट धरायची आणि मूठ आवळायची नाही. लेखणीसारखी बॅट धरण्याचीही एक पद्धत चीन-जपानकडे रूढ आहे. मराठीच्या प्राध्यापकाला तीच शोभली असती, पण त्याने ती सूचना विचारातही घेतली नाही.

नवख्याला वाटते, खेळ म्हणजे मारणे. चेंडू समोर आला की हात आपोआप उचलला जातो आणि चेंडू खिडकीकडे जातो. चारपाच वेळा असे झाल्यावर तो म्हणाला, “सर, मारायलाव कशाला? नुसतं वापस द्या.”

‘वापस’. प्रमाण मराठीत ‘परत’ म्हणावे. दीर्घकाळ निजामाच्या राज्यात, उर्दूच्या शेजारात वाढलेल्या आमच्याकडच्या बोलीत हा शब्द घरचाच आहे. उत्तरपत्रिकेत आला की त्याच्याखाली लाल रेघ पडते. टेबलाशी मात्र त्या शब्दाला पर्याय नव्हता, कारण सांगणाऱ्याला खेळ येत होता आणि ऐकणाऱ्याला येत नव्हता. शिवाय ही ‘वापसी’ दिसते तितकी सोपी नाही. खालून काप देऊन आलेला चेंडू बॅट सरळ धरून घेतला तर जाळ्यात जातो. बॅट थोडी उघडून त्याच्या बुडाखालून न्यावी लागते. वरून फिरकी दिलेला असेल तर उलट, बॅट झाकावी लागते. म्हणजे परत देण्याआधी समोरच्याने काय केले ते वाचावे लागते आणि ते चेंडूपेक्षा त्याच्या मनगटात अधिक दिसते.

वर्गात माझे वाक्य जाते, परत येत नाही. मुले ऐकून घेतात, लिहून घेतात. ही शांतता आदराची, कंटाळ्याची, की आपली बोली घेऊन प्रमाण मराठीत तोंड उघडण्याच्या धास्तीची, हे फळ्याजवळ उभे राहून ओळखता येत नाही.

आवाज नसला की काय होते, याचे एक मोठे उदाहरण या खेळाच्या इतिहासात आहे आणि ते आपल्या मुंबईतच घडले. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेथे भरली. आशियातली ती पहिलीच. तोवर बॅटवर बारीक गुठळ्यांचे रबर असे. त्यावर चेंडू आपटला की ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येई आणि फटक्याचा जोर कानालाही कळे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तिचा आवाज जवळजवळ येतच नसे. कानाचा आधार गेल्यावर युरोपातल्या मुरलेल्या खेळाडूंचे हिशोब चुकू लागले आणि चष्मा लावणारा हा फारसा नावारूपाला न आलेला माणूस पुरुष एकेरीचा विश्वविजेता झाला. सातपैकी चार विजेतेपदे जपानने नेली. त्या बॅटवर बरेच वादंग झाले. अखेर १९५९ मध्ये नियम आला: स्पंज चालेल, पण रबराच्या थराखाली, आणि दोन्ही मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. मुंबईच्या क्रिकेटच्या आठवणींत हा प्रसंग हरवून जातो, याचे मला वाईट वाटते. माझी सहानुभूती सातोकडे आहे. त्याने काही लपवले नव्हते; समोरच्यांना निराळ्या रीतीने ऐकण्याची सवय नव्हती, इतकेच.

लपवण्याबाबत हा खेळ पुढे फार कडक झाला. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या, सपाट तळहातावर ठेवायचा, किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा आणि २००२ पासून तो क्षणभरही अंगाआड जाऊ द्यायचा नाही. समोरच्याला सगळे दिसले पाहिजे. दिसूनही त्याला उमगले नाही तर गुण तुमचा. साहित्यातल्या दुर्बोधतेवर आपण इतके वाद घातले, त्यांत हा निकष कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

२००१ पासून डाव २१ ऐवजी ११ गुणांचा झाला. नवख्याच्या दृष्टीने ही दया आहे: हरणे लवकर आटोपते. तो विद्यार्थी पदवी घेऊन पोलीस भरतीच्या तयारीला नांदेडला गेला. वर्गात तो शेवटपर्यंत बोलला नाही; टेबलाशी मात्र माझी प्रत्येक चूक मोठ्याने सांगत असे, आणि तेही ‘सर’ न वगळता. आता पहिल्या वर्षाच्या दोन मुली खेळायला येतात. त्यांतली एक बॅट लेखणीसारखी धरते. तिची सर्व्हिस मला अजून कळलेली नाही. परवा मी कारण विचारले, तर तिने चेंडू माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “तुम्ही करा सर, मी वापस देते.”