जुनी चार चाकं

गाडीची चाकं बदलली की उतरवलेल्या चाकांचं काय करायचं, हा प्रश्न स्विफ्ट किंवा वॅगनआरवाल्याला फारसा पडत नाही. टायरवाला विचारतो, "जुनी ठेवणार की देणार?" आपण देतो, तो बिलात काहीतरी कमी करतो, विषय संपतो. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याचं मात्र तसं नाही. त्याच्या घरात या चार चाकांवरून भांडणं होतात. आमच्या घरात सहा वर्षं होतायत.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, १९९१ ची. लेस्टरमध्ये नोकरीला आल्यावर काही वर्षांनी जुनीच घेतली. दोन सीटा, कापडी छप्पर, वजन हजार किलोच्या आत. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली. साठच्या दशकातल्या छोट्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या, विशेषतः लोटस एलान, डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी ती घडवली. तिची मूळ अलॉय चाकंही त्याच वळणाची आहेत. सात काड्यांची, १४ इंची, साधी. त्या काळी मिनी गाडीवर शर्यतीसाठी मिनिलाइटची चाकं लावत, त्यांची आठवण करून देणारी. एक चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं. एका हातात सहज उचलता येतं, आणि अशा हलक्या गाडीत या हलकेपणाचा फरक प्रत्येक खड्ड्यावर कळतो.

मग बदलली कशाला? टायरसाठी. १८५/६० आर १४ या मापात चांगले टायर मिळणं कमी होत गेलं होतं. १५ इंचात १९५/५० मात्र हवे तितके. हिशेब केला तर पहिल्या टायरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५७६. म्हणजे स्पीडोमीटरलाही पत्ता लागणार नाही. शिवाय इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने जुन्या चाकांच्या कडांचं लॅकर फुगून पांढरं पडलं होतं. नवीन चाकं आली, विमा कंपनीला तसं कळवलं (इथे न कळवता चाकं बदलली तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो) आणि जुनी चार घरी आणली.

तिथून बायकोचा विषय सुरू झाला. आमचं घर ओळीतलं, अरुंद. पोटमाळ्यावर तिच्या सुटकेसा, मुलांची जुनी पुस्तकं, ईदला काढायची मोठी पातेली. "ही चाकं आहेत की पाहुणे?" ती विचारते. "पाहुणेसुद्धा कधीतरी जातात."

तिचं म्हणणं चूक नाही. प्रत्येक गाडीची जुनी चाकं ठेवण्यात अर्थ नसतो. ज्या गाड्या हजारोंनी रस्त्यावर आहेत, ज्यांची चाकं भंगारातही ढिगाने मिळतात, त्यांच्या चाकांनी पोटमाळा भरू नये. पण काही गाड्यांचं चाक हा तिचा चेहराच असतो. पोर्शे ९११ घ्या. १९६६ मध्ये ९११ एसवर फुक्स कंपनीची घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं आली, पाच पाकळ्यांची. आज ती गाडी दुसऱ्या कुठल्या चाकांवर उभी दिसली की पाहणारा आधी खालीच बघतो. एमएक्स-५ त्या तोलाची नाही, हे मलाही कळतं. पण माझदानेच २०१७ मध्ये जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून मूळ रूपात आणून द्यायचं काम जाहीर केलं, तेव्हा त्यांनी मूळ मापाचा टायरसुद्धा ब्रिजस्टोनकडून पुन्हा बनवून घेतला. १४ इंची टायर! कंपनी एवढं करत असेल तर माझ्या पोटमाळ्यावरच्या रिमांना थोडी इज्जत मिळायला हरकत नव्हती.

ठेवायचीच असतील तर नीट ठेवावी. टायर काढून टाकले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे इतके जुने होते की ते ठेवणं म्हणजे नुसतं रबर सुकवणं. आणि टायरसकट ठेवली असती तर वजन दुपटीहून जास्त झालं असतं. ब्रेकची काळी धूळ साबणाने धुतली, पूर्ण वाळवली, मध्ये जुनी चादर घालून एकावर एक रचली. मूळ नट एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी. नव्या चाकांना बहुतेक वेळा वेगळे नट लागतात, मग पाच वर्षांनी जुनी चाकं सापडतात आणि नट सापडत नाहीत. माझ्या मते चाकांपेक्षा आधी नट जपावेत.

हे वळण अब्बांचं. मिरजेत त्यांचं छोटं गॅरेज होतं. गाडीचा कुठलाही भाग बदलला की जुना वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू दे मिस्त्री, भंगारात टाका. अब्बा ऐकायचे नाहीत. "वो गाडी का है, अपना नई," एवढंच. त्यामागे धंद्याची अक्कलही होती. जुना भाग समोर दिसला की खरंच बदलला याची खात्री पटते, पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. पण फक्त तेवढंच नव्हतं, असं मला वाटतं.

जाता जाता एक गंमत. अब्बांच्या तोंडात असलेला 'स्टेपनी' हा शब्द मी इंग्लिश समजायचो. इथे कुणाला कळेना. मग समजलं की तो वेल्समधला. १९०४ च्या सुमारास लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हा गाडीसोबत जादा चाक यायचंच नाही. इथले लोक तो शब्द विसरले, मिरजेच्या गॅरेजात तो अजून रोज वापरात आहे.

आता प्रश्न खरोखरच सोडवायची वेळ आली आहे. अम्मी मिरजेत एकटी आहे, आम्ही मार्चनंतर परत जातोय. गाडी नेता येत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणायला नियम आडवे येतात. म्हणून विकायला काढली. दोन माणसं आली. एकाला फक्त जुनी चाकं हवीत, त्याच्या गाडीची गंजली आहेत. अडीचशे पौंड देतो म्हणाला, लगेच. दुसरा पंचविशीतला मुलगा, त्याला गाडी हवी आहे. जुन्या चाकांचे वेगळे पैसे त्याच्याकडे नाहीत, हे त्याने पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलं.

अडीचशे पौंड आम्हाला जड नाहीत असं नाही. चार तिकिटं काढायची आहेत, सामान जहाजाने पाठवायचं आहे, तिथे गेल्यावर पगार कधी सुरू होईल ते अजून नक्की नाही. बायकोने कागदावर सगळा खर्च मांडला आणि त्या रकमेसमोर नुसती रेघ ओढून ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी दोन दिवस विचार केला. चाकं त्या मुलाला दिली. त्या दुसऱ्या माणसालाही चाकं गाडीवरच लावायची होती, तो काही भंगारवाला नव्हता, हे मान्य. पण त्याची गाडी ती त्याची. ही चार चाकं १९९१ पासून या गाडीसोबत आहेत, माझ्याआधीच्या मालकांकडेही होती. त्यांनी मला सोबत दिली, वेगळे पैसे मागितले नाहीत. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही अब्बांसारखेच." मग रेघ खोडली आणि सामानातून एक पेटी कमी केली.

शनिवारी तो मुलगा येतोय. ट्रेनने एकटा येऊन गाडी चालवत नेणार म्हणाला. त्याला फोन करून सांगितलं, बाबा, या गाडीच्या डिकीत स्टेपनी धरून एक चाक मावायची मारामार, तुझी चार कुठे घालणार? कुणातरी मित्राला मोठी गाडी घेऊन बोलव. आणि नटांचा डबा आठवणीने माग.