पंख थांबतात तेव्हा : मिंदोच्या जंगलातली एक सकाळ

आमच्या बडोद्याच्या घरी जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला माझी लेक लहानपणी हमिंगबर्ड म्हणायची. तिचीच काय, बऱ्याच जणांची ही गफलत होते. खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतो. तो पाहायचा, तर लांबच जावं लागतं. नवऱ्याच्या पन्नाशीला आम्ही ते धाडस केलं आणि इक्वाडोर गाठलं.

एवढ्याशा देशात हमिंगबर्डच्या १३०च्या आसपास जाती आहेत! राजधानी क्विटो २,८५० मीटर उंचीवर. पहिला दिवस डोकं धरूनच गेला. तिथून दोनेक तास घाट उतरला की मिंदो. सगळीकडे ढग, झाडांवर शेवाळ, आणि कपडे म्हणाल तर तीन दिवसांत वाळले नाहीत.

नवऱ्याला हवा होता उडत्या पक्ष्याचा फोटो, पंखाचं पीस न् पीस दिसणारा. लहान जातींचे पंख सेकंदाला ८० वेळांपर्यंत हलतात. त्यात या जंगलात उजेड कमी. म्हणून तिथल्या एका बागेत गाइडने छपराखाली पाच फ्लॅश मांडले. फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवायची. मला वाटलं, मग उजेड कसा पुरणार? पण गंमत अशी की, ताकद कमी केली की फ्लॅशचा लखलखाट आखूड होतो, साधारण १/१०,००० सेकंदाचा. म्हणून फ्लॅश जवळ लावायचे आणि एकाऐवजी पाच. कॅमेऱ्याचं शटर मात्र १/२०० वरच. गाइडने फ्लॅश बंद करून एक फोटो काढायला लावला. पूर्ण काळा आला! म्हणजे फोटो शटर काढत नव्हतं, तो लखलखाट काढत होता.

समोर एक लाल फूल चिमट्यात अडकवलेलं, त्यात पिचकारीने साखरपाणी. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंगबिंग काही नाही. आणि मागे हिरव्या जंगलाचा छापील फोटो.

"बाबा, हे तर स्टुडिओतल्या पडद्यासारखं झालं," लेक म्हणाली. "खोटंच ना?"

तो गप्प बसला. मला विचाराल, तर पंख खरे, झेप खरी. पण फोटोखाली 'जंगलात टिपलेला' असं लिहू नये, एवढं नक्की.

खरा प्रश्न पुढे आला. पक्ष्यांनी फुलावरच यावं म्हणून छपराजवळच्या साखरपाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्या होत्या. पक्षी यायचे आणि जिथे बाटली टांगलेली असे, त्या रिकाम्या जागी हवेत थबकून शोधत राहायचे. जागा त्यांच्या पक्की लक्षात! बागेच्या दुसऱ्या टोकाच्या बाटल्या तशाच आहेत, असं गाइडने समजावलं. तरी लेकीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तो आला. बूटेड रॅकेटटेल. पायांत पांढरे कापसाचे गोळे, शेपटीच्या टोकांना दोन इवल्या रॅकेटी. वजन पाच रुपयांच्या नाण्याच्या निम्म्याहूनही कमी. फ्लॅश चमकले. तो दचकला नाही, पीतच राहिला. सहा फोटो मिळाले आणि बदाबदा पाऊस सुरू झाला.

आमचा अजून पाऊण तास शिल्लक होता, पैसेही भरलेले. पुढची पाळी लेकीची होती. पण पावसात भिजलेले पक्षी एकेक करून छपराखाली यायला लागले. या जिवांना दर थोड्या वेळाने खावंच लागतं. थंड रात्री तर शरीराचं तापमान उतरवून ते निपचित पडून राहतात, तेव्हा कुठे सकाळ गाठतात.

"बाबा, बाटल्या परत लावायला सांग ना," ती म्हणाली. "मला नकोय फोटो."

नवऱ्याने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग उठून स्वतःच फ्लॅश बंद केले. गाइड हसला आणि बाटल्या घेऊन आला. त्या टांगून होण्याआधीच एक जांभळ्या गळ्याचा चिमुकला, भुंग्यासारखा गुणगुणत, त्याच्या हातातल्या बाटलीवर तुटून पडला. लेकीने मोबाइलवर घाईघाईत फोटो काढला.

त्यात पंख नाहीतच, नुसतं करडं धुकं. आमच्या बैठकीत आता दोन्ही फोटो शेजारी लावलेत. येणारे पाहुणे रॅकेटटेलपाशी थांबतात, आणि लेक त्यांना हाताला धरून दुसऱ्याकडे नेते.